नौसैनिक सेफ असतात हे अर्धंच खरं

"जहाजावरचे सेफ, मरतात ते किनाऱ्यावर उतरणारे" असं युद्धांबद्दल म्हटलं जातं, ते सरसकट पटत नाही. दुसऱ्या महायुद्धातली ग्वाडलकनाल या पॅसिफिकमधल्या बेटावरची जपानविरुद्धची लढाई घ्या, १९४२-४३, बेटावर अमेरिकेचे साधारण १६०० जण लढताना गेले आणि आजूबाजूच्या समुद्रात नेव्हीचे जवळपास ५०००, म्हणजे तिप्पट! ओकिनावा या जपानी बेटाच्या लढाईत १९४५ मधे मुख्यतः कामिकाझेंमुळे (विमानासकट जहाजावर आदळणारे जपानी आत्मघाती वैमानिक) अमेरिकन नेव्हीचे ४९०० च्या आसपास गेले आणि जखमीही जवळजवळ तेवढेच, उलट इवो जिमा या दुसऱ्या जपानी बेटावर जमिनीवरच्या लढाईत एका मृत्यूमागे साधारण तीन जखमी होते. कारण सरळ आहे, किनाऱ्यावर जखमी झालेल्याला ओढून मागे तरी नेता येतं, जहाज पेटलं किंवा बुडालं की जाणार कुठे? आणि खाली इंजिन रूममधे असलेल्यांना तर वर यायलाही वेळ मिळत नाही. ब्रिटिशांची हूड ही युद्धनौका घ्या, ती १९४१ मधे काही मिनिटांत बुडाली, १४०० च्या वर माणसं होती, वाचले फक्त ३. फार वाईट वाटतं वाचताना.

अर्थात मृत्यूंची टक्केवारी काढली तर पहिल्या लाटेत उतरणाऱ्या तुकड्यांचीच जास्त भरते, पॅसिफिकमधल्या तारावा बेटावर ७६ तासांत हजाराच्या आसपास मरीन्स (समुद्रातून किनाऱ्यावर उतरून लढणारे अमेरिकन सैनिक) गेले. पण म्हणून नौसैनिकांना सेफ म्हणणं अन्याय आहे त्यांच्यावर.