सिल्कसाँग विरुद्ध होलो नाइट: दोन मास्कचा फटका न्याय्य आहे का?

महालकर
उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की नागपुरातली पोरं एकच प्रश्न विचारतात: होलो नाइटपासून सुरुवात करू की सरळ सिल्कसाँग घेऊ? माझं मत आधीच सांगतो. पहिलाच घ्या, कारण तोच चांगला आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ॲडलेडच्या टीम चेरी या मोजक्या माणसांच्या टीमने २०१७ च्या फेब्रुवारीत होलो नाइट हा व्हिडिओ गेम आणला, त्यात आपण नाइट नावाचा किडा खेळवतो. त्यातल्या हॉर्नेट या पात्राला घेऊन एक जोडभाग करायचा बेत होता. तो वाढत गेला, २०१९ मध्ये स्वतंत्र गेम म्हणून जाहीर झाला आणि ४ सप्टेंबर २०२५ ला सिल्कसाँग म्हणून आला. चित्रं, संगीत, नकाशा, यात मला काही खोट काढायची नाही. माझा आक्षेप फटक्यावर आहे. दोन्ही गेममध्ये सुरुवातीला ५ मास्क मिळतात, म्हणजे ५ जीवबिंदू. होलो नाइटमध्ये बराच काळ एका फटक्याला १ मास्क जातो, म्हणजे पाच चुका माफ. सिल्कसाँगमध्ये थोडं पुढे गेलं की बॉसचा, म्हणजे मोठ्या शत्रूचा, नुसता धक्का लागला तरी २ मास्क जातात. तीन चुका झाल्या की खेळ खल्लास. आणि मास्कचे ४ तुकडे गोळा करून सहावा मास्क मिळवला तरी ६ ला २ ने भागून तीनच येतात! एवढी पायपीट केल्यावर हाती काहीच पडत नाही.

धरमपेठ_पॅड
महालकर, तुम्ही फटका मोजला, भरपाई मोजलीच नाही. होलो नाइटमध्ये आपला एक वार शत्रूला लागला की ११ सोल (तिथली शक्ती) मिळतं, आणि एक मास्क भरायला ३३ सोल. म्हणजे ३ वारांना १ मास्क. सिल्कसाँगमध्ये ती शक्ती म्हणजे सिल्क: एका वाराला १ सिल्क, ९ सिल्क झालं की बाइंड, म्हणजे हॉर्नेटचा उपचार, आणि बाइंडला ३ मास्क. इथेही ३ वारांना १ मास्कच. भाव तोच आहे.

उलट बाइंड हवेत करता येतो आणि झटकन होतो. नाइटला एका मास्कसाठी जवळपास सेकंदभर जमिनीवर स्थिर उभं राहावं लागतं, तीन मास्क भरायचे तर तेवढी मोकळी जागा कोणता बॉस देतो? हॉर्नेट बॉसच्या डोक्यावरून उडी मारताना तीन मास्क भरून खाली येते. फटका दुप्पट केला, पण उपचारही तेवढाच धारदार दिला.

इतवारी_२१
नाही ना भाऊ, भाव तोच असला तरी सुटे पैसे मिळत नाहीत ना! नाइटने भरलेल्या ९९ सोलमधून ३३ चा स्पेल, म्हणजे जादूचा वार, मारला तर एका मास्कचं सोल गेलं, बाकी ६६ हातात राहते, त्यात अजून दोन भरता येतात. हॉर्नेटने सिल्कस्पिअर हा तिचा स्पेल मारला तर ४ सिल्क जाते, उरते ५, अन् ५ मध्ये अर्धा मास्कही भरत नाही. म्हणून नवीन माणूस स्पेल मारतच नाही, नऊ साठवून बसते. इतकी सुंदर हत्यारं देऊन ती वापरायची भीती घालून ठेवली आहे. अन् बाइंड करताना फटका बसला की सगळंच सिल्क गेलं. महालकरांचं मला पटते.

गोरेवाडा_रात्रपाळी
सहावा मास्क फुकट, हे विधान मी खूप ठिकाणी वाचलं आहे आणि ते चूक आहे. कागद घ्या.

५ मास्क, प्रत्येक फटका २ चा, मधे एक बाइंड. पहिल्या फटक्यानंतर ३, बाइंड करून ५, मग ३, मग १, आणि चौथा फटका जीव घेतो. आता बाइंड उशिरा करून पाहा: ३, १, बाइंड करून ४, मग २, आणि पुन्हा चौथाच फटका जीव घेतो.

६ मास्क घ्या. ४ वर बाइंड केला तर ६ पर्यंतच भरतो, एक मास्क वाया जातो, आणि चौथा फटका मारतो. पण ४ वर न घाबरता २ वर येऊ दिलं आणि मग बाइंड केला, तर ५, ३, १. मरण पाचव्या फटक्याला. सहाव्या मास्कने पूर्ण एक चूक विकत दिली, फक्त ती बाइंड दाबण्याच्या वेळेत लपलेली आहे. लोक ४ वर घाईने बाइंड करतात आणि मास्कला नावं ठेवतात.

मला दुसरा भाग याचसाठी वरचढ वाटतो. पहिल्यात कधी भरावं याचा विचारच नव्हता, सवड मिळाली की भरत राहायचं. इथे तो निर्णय आहे.

महालकर
हिशेब बरोबर आहे, मानलं. पण हा हिशेब गेम कुठे शिकवतो? होलो नाइट पहिल्या तासात तुमच्या चुका सोसतो आणि मग हळूहळू आवळत नेतो. तर्री वेगळ्या वाटीत देतो, झेपेल तेवढी पोह्यावर घ्या. सिल्कसाँगने पहिल्या प्लेटीतच ओतली आहे. स्वतः टीम चेरीनेही पहिल्याच दुरुस्तीत मूरविंग आणि सिस्टर स्प्लिंटर हे सुरुवातीचे बॉस थोडे सोपे केले, सँडकार्व्हर किड्यांचा फटका कमी केला, मधल्या टप्प्यातल्या बाकांचे (जिथे बसून विसावतात, खेळ जतन होतो) दर उतरवले. म्हणजे तक्रारीत तथ्य होतं.

आणि मण्यांचं, म्हणजे सिल्कसाँगमधल्या चलनाचं काय? होलो नाइटमध्ये जवळपास कोणताही किडा मारा, जिओ हे तिथलं चलन मिळतं. इथे मणी मुख्यतः यात्रेकरू किड्यांकडे, रानटी किड्यांकडे नुसते शेलचे तुकडे. नकाशा, बाक, स्टेशन, सगळ्याला मणी. पाण्यासारखे जातात.

फुटाळा_लाट
मण्यांची तक्रार बहुतेक वेळा माळ न ओवल्यामुळे होते. ओवायच्या यंत्रात ८० मणी टाकले की ६० ची माळ मिळते. पाव हिस्सा जातो हे खरं, पण मेल्यावर सुटे मणी जातात तशी माळ जात नाही, आणि दुकानात उभं राहून सोडवता येते. नियम सोपा ठेवा: अनोळखी भागात किंवा बॉसकडे जाण्याआधी सुटे मणी ओवून घ्या. समोर विकत घेण्यासारखं काही असेल तर ओवू नका, आधी खर्च करा.

मेल्यावरचा फरकही बघा. नाइट मेला की त्याची सावली अंगावर येते आणि ती परत मिळेपर्यंत सोलचं भांडं एक तृतीयांश कमी. हॉर्नेट मेली की मागे राहणारा कोष हल्ला करत नाही, उलट फोडला की सिल्क भरून देतो. बॉसच्या खोलीत कोष पडला असेल तर शिरल्या शिरल्या फोडू नका. लढाईच्या मध्यात, मास्क कमी झाल्यावर फोडा, तोच जास्तीचा बाइंड होतो.

शेलच्या तुकड्यांबाबत मात्र मी महालकरांच्या बाजूने आहे. बाकावर बसलं की वापरलेली लाल टूल्स, म्हणजे फेकून मारायची वगैरे हत्यारं, तुकडे खर्चून आपोआप भरतात. एका बॉसवर वारंवार हरलात की साठा संपतो, आणि ज्याला मदत हवी त्याचीच मदत बंद होते. ही रचनाच चुकली आहे. तोपर्यंत उपाय एवढाच: बॉसच्या चाली शिकत असताना लाल टूल्स काढून ठेवा, नुसत्या सुईने लढा. त्याचा दुसरा टप्पा नीट दिसू लागला की टूल्स लावा.

नंदनवन_नवखा
सगळ्यांचं वाचून राहिलो. मी कीबोर्डवर आहे. हॉर्नेटचा हवेतून खाली मारायचा तो तिरपा वार, ती उडी मला जमतच नाही, हंटर्स मार्च या भागात लाल कळ्यांवर उसळी घेताना दर वेळी खाली पडतो. काय करू?

धरमपेठ_पॅड
होलो नाइटची सवय आड येते. तिथे वार सरळ खाली पडतो, म्हणून आपण लक्ष्याच्या बरोबर वर जातो. हॉर्नेटच्या सुरुवातीच्या हंटर क्रेस्टमध्ये (क्रेस्ट म्हणजे लढायची पद्धत बदलणारं चिन्ह) ती तोंड असेल त्या दिशेला तिरपी झेपावते. लक्ष्याच्या थोडं मागे आणि वर असतानाच दाबा. वरून दाबलं की ती पुढे निघून जाते. तरी जमलं नाही तर हंटर्स मार्च सोडून द्या, तो भाग तेव्हा सक्तीचा नाही. ग्रेमूरमध्ये रीपर क्रेस्ट मिळतो, त्याचा खालचा वार रुंद आहे. बोनग्रेव्हमधला वाँडरर तर जवळपास नाइटसारखाच: आखूड, जलद, सरळ खाली.

इतवारी_२१
अन् नवख्या, हंटर्स मार्चमध्ये बाक दिसला तर धावत जाऊन बसू नको. त्याला सापळा लावलेला आहे, आधी तो बंद करायची जागा शोध. इतक्या वेळानंतर बाक दिसतो अन् तोही मारतो, हे मला आजही पटून नाही राहिलं. पहिल्या गेममध्ये बाक म्हणजे विसावा होता.

गोरेवाडा_रात्रपाळी
मला तो सापळा आवडतो, कारण फार्लूम हे राज्य यात्रेकरूंना गिळणारं आहे आणि बाकही त्यातून सुटलेला नाही. इथे आपलं जमणार नाही, इतवारी.

नवख्यासाठी अजून एक, मे महिन्यापुरतं. कूलर चालू असेल तर स्पीकरवर खेळू नकोस, वायरचा हेडफोन लाव. लेस या बॉसच्या वाराआधीचा आवाज आणि नकाशे विकणाऱ्या शाक्राचं गाणं, दोन्ही कूलरच्या घरघरीत बुडतात, आणि शाक्रा त्या गाण्यावरूनच सापडते. कूलरचा झोत सीपीयूवर सरळ येऊ देऊ नकोस, ओलावा आत जातो. टीव्हीला जोडलं असेल तर गेम मोड चालू कर, नाहीतर बटण आणि वार यांत अंतर पडतं आणि दोष तिरप्या उडीला लागतो.