मदत हवी आहे : २४ वर्षं साधा लेथ, आता सीएनसीवर. ऑपरेटरनं नेमकं काय काय शिकायचं असतं?

दांडियाबाजारवाला

नमस्कार मंडळी. बडोद्यात दांडिया बाजारात राहतो, नोकरी मकरपुरा जीआयडीसीत. वय ४७. आयटीआय टर्नर, त्यानंतर २४ वर्षं साधा लेथ, म्हणजे तुकडा फिरवत हातानं टूल सरकवून कापायचं मशीन. दिवाळीनंतर शेठनी दोन जुने लेथ काढले, त्या जागी सीएनसी टर्निंग सेंटर (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारा लेथ) आणलं आणि मला म्हणाले, आता तुम्ही ह्याच्यावर.

शिकवायला सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा, आहे. तेवीस वर्षांचा गुजराती पोरगा, स्वभावानं चांगला. पण त्याच्याकडे चार मशीनं, त्यामुळे तो सदा घाईत. मला काका म्हणतो आणि माझं बोट कंट्रोलकडे गेलं की लांबूनच ओरडतो, "काका, आने अडता नहीं!" (याला हात लावू नका!) मला शिकवलंय ते एवढंच : जॉब (कापायचा तुकडा) चकात (फिरत्या पकडीत) धर, पेडल दाब, दार लाव, हिरवं बटण, जॉब काढ, माप घे. ऑफसेट, म्हणजे मापातली बारीक दुरुस्ती, द्यायची परवानगी आहे, प्रोग्रॅमला हात लावायची नाही. चावी त्याच्याच खिशात.

आता माझे पराक्रम ऐका.

पहिला. जुन्या लेथवर क्रॉस स्लाइड (टूलची आडवी सरक) ५ शतांश मिलिमीटर आत घेतली की व्यास १० शतांशांनी कमी व्हायचा. हाताला तेच वळण. इथं २० मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) कमी करायचे होते म्हणून मी १० च टाकले. सेटर हसला. इथं एक्स म्हणजे सरळ व्यासच, निम्मं करायचं नाही. ठीक, हे एकदाच झालं.

दुसरा. वेअर ऑफसेटमध्ये (टूलच्या झिजेच्या दुरुस्तीत) आधीचे -०.१४० होते. त्यात आणखी -०.०२० घालायचे होते. मी आकडा टाकला आणि "प्लस इनपुट"ऐवजी "इनपुट" दाबलं. जुना आकडा पुसला गेला, नुसते -०.०२० राहिले आणि पुढचा जॉब आधीच्यापेक्षा १२० मायक्रॉन जाड निघाला. जाड होता म्हणून वाचला, परत कापता आला. उलट झालं असतं तर भंगार.

तिसरा मात्र मनाला लागलाय. ईएन८ पोलादाचे शाफ्ट, बेअरिंग सीट (बेअरिंग बसायची जागा) ३५ के६, म्हणजे ३५.००२ ते ३५.०१८. जॉब काढला, डिजिटल मायकनं (मायक्रोमीटरनं) लगेच माप घेतलं, ३५.०१५. मला वाटलं जरा वरच्या अंगाला चाललंय, मधोमध आणूया, म्हणून ८ मायक्रॉन कमी केले. पुढचे सगळे ३५.००७ दाखवत होते. खूश होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी क्वालिटीवाल्यानं १४ शाफ्ट बाजूला काढले, ३४.९९९ आणि ३५.०००. शेठ काही बोलले नाहीत, नुसतं ट्रेकडे बघत राहिले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. साध्या लेथवर बेअरिंग हातात धरून मी सीट काढायचो हो! आयुष्यात १४ शाफ्ट एकदम घालवले नव्हते.

आणि एक गोष्ट, हसू नका. फेसिंग करताना (जॉबचं तोंड सपाट कापताना) टूल मध्याकडे जायला लागलं की चक आपोआप पळायला लागतो. तो चढता आवाज आला की माझा पाय अजून ब्रेकचं पेडल शोधतो. पोरगं म्हणतं, सवय होईल.

तर प्रश्न असे : ऑपरेटरचं काम नक्की कुठून कुठपर्यंत? प्रोग्रॅम वाचायला शिकू की आधी दुसरं काही? आणि माझ्या २४ वर्षांचा इथं काही उपयोग आहे का, की नव्यानं पाटी कोरी?

भोसरीचा_सेटर

काका, आधी त्या १४ शाफ्टचं बोलतो, बाकी नंतर. तुमचे जॉब मुळात बरोबर होते. तुम्हीच ते बिघडवलेत.

पोलादाचा १ मीटर लांबीचा तुकडा १ अंशाला साधारण ११.५ मायक्रॉन वाढतो. म्हणजे ३५ मिमीला अंशामागे ०.४ मायक्रॉन. जॉब तुमच्या मायकपेक्षा २० अंशांनी गरम असेल तर तो ८ मायक्रॉन जाड दिसणार. ३५.०१५ दिसला तो थंड झाल्यावर ३५.००७ च होता, चांगला पास. तुम्ही ८ काढलेत, गार झाल्यावर ३४.९९९ झाला. ड्रॉइंगवरचं माप २० अंशांना धरलेलं असतं आणि बडोद्याच्या उन्हाळ्यात शेडमध्ये २० कुठून येणार? पण त्याची चिंता नको. जॉब, मायक आणि सेटिंगचा मास्टर (मायक जुळवायचा ठरल्या मापाचा तुकडा) तिन्ही एकाच तापमानाला आले की बरीचशी चूक आपसात कटते. खरं भांडण गरम जॉब आणि गार मायक यांच्यात आहे. म्हणून मास्टर मशीनजवळच ठेवा, क्वालिटीच्या एसी खोलीतून आणून लगेच वापरू नका. जॉब हाताला कोमट लागत असेल तर मापाला अर्थ नाही. एक जॉब गरम मोजा, गार मोजा, फरक लिहून ठेवा. तो फरक तुमच्या जॉबचा, तुमच्या मशीनचा. पुस्तकात मिळणार नाही.

आणि जॉब इतका तापतोच का, हे कुणी विचारलं का? कूलंटचा नोजल टूलच्या टोकावर आहे की चिपा लागून वर फिरलाय? रफिंग (जाड कट) संपल्या संपल्या फिनिश कट घेतोय का? इन्सर्टचं (टूलच्या कापणाऱ्या तुकड्याचं) टोक झिजलंय का? ही तिन्ही बघणं ऑपरेटरचं काम, सेटरचं नाही. सेटर पहिला जॉब पास करून निघून जातो. दुसऱ्यापासून शेवटच्यापर्यंत मशीन तुमचं.

दुसरी चूक ऑफसेटच्या पाठीमागे धावण्याची. टॉलरन्स १६ मायक्रॉन आहे. आत पडतंय म्हटल्यावर एका मापावरून हात लावायचा नाही. दर पाच जॉबला माप घ्या, वहीत लिहा. सलग तीन-चार मापं एकाच दिशेनं सरकताना दिसली तर ऑफसेट. आणि दिल्यावर स्क्रीनवर नवा आकडा मोठ्यानं वाचायचा, मगच हिरवं बटण. वेड्यासारखं दिसतं, पण तुमचा "इनपुट"वाला किस्सा पुन्हा होत नाही. दशांश चिन्हाचंही बघा. काही कंट्रोलवर टिंब न देता २ टाकले तर ते २ मायक्रॉन धरतात, काहींवर २ मिलिमीटर. तुमचं मशीन काय धरतं ते सेटरला विचारा. स्वतः करून बघू नका.

बाकी रोजचं : सकाळी स्लाइडच्या तेलाची पातळी, चकचा प्रेशर, कूलंट. मशीन दहा-पंधरा मिनिटं रिकामं फिरवायचं. हवेची गन गाइडवेवर (स्लाइड सरकते त्या पट्ट्यांवर) मारायची नाही, बारीक चिप सीलखाली जाते. हातमोजे घालून फिरत्या चकजवळ जायचं नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

आवाजाचं. तो जी-९६ आहे, प्रोग्रॅममधला एक हुकूम. कापण्याचा वेग कायम ठेवायचा म्हणून व्यास कमी झाला की फेरे वाढतात. मिनिटाला १८० मीटर धरले तर ६० व्यासावर ९५५ फेरे, २० वर २८६५, १० वर ५७३०. मध्यावर तर हिशोबानं अनंत, म्हणून प्रोग्रॅमच्या सुरुवातीला जी-५० नं कमाल फेरे बांधलेले असतात. तुमच्या प्रोग्रॅमात ती ओळ शोधा. वाचायला चावी लागत नाही, बदलायला लागते.

अलकापुरी_रिटायर्ड

पाटी कोरी कशी? इन्सर्ट गेल्याचं तुम्हाला आवाजावरून कळतं, पोराला जॉब खराब झाल्यावर. आमच्या वडिलांच्या पिढीचे लोक कलाभवनाचं नाव घ्यायचे तेव्हा छाती फुगायची. सयाजीरावांनी १८९० साली बडोद्यात हातानं काम करणाऱ्यांसाठी ते काढलं. त्या गावचे आहात, लाजू नका. तरसालीच्या आयटीआयमध्ये जाऊन छोट्या कोर्सची चौकशी करा. बाहेरच्या क्लासवाल्यांना फी द्यायच्या आधी एकच विचारा, मशीनवर हात लावायला मिळणार की फक्त संगणकावर चित्र.

नाशिककर_मशीनिस्ट

भोसरीकरांशी बराचसा सहमत, एक सोडून. "सेटर पहिला जॉब पास करून निघून जातो" हे तुमच्याकडे चालत असेल, चालू नये. ऑफसेट देण्याची परवानगी आहे आणि देताना काय धोका आहे हे कुणी सांगितलं नाही, तर १४ शाफ्टची जबाबदारी एकट्या काकांची नाही.

प्रोग्रॅम लिहायला घाई करू नका, कॅमचं (संगणकाकडून प्रोग्रॅम बनवून घेण्याचं) तर नावच नको सध्या. वाचायला मात्र उद्यापासून लागा. जी-०० आला की घट्ट व्हायचं, कारण टूल पूर्ण वेगानं धावतं आणि मध्ये काय आहे ते बघत नाही. नवीन सेटिंगनंतर सिंगल ब्लॉक (एका वेळी एकच ओळ), रॅपिड (धावायचा वेग) अगदी कमी, बोट फीड होल्डवर (टूल थांबवायच्या बटणावर) आणि डोळा "डिस्टन्स टु गो"वर. टूल जॉबपासून बोटभर लांब दिसतंय आणि स्क्रीन म्हणते अजून ८० मिमी जायचंय, तर थांबवा. हा हिशोब तुम्हाला नजरेनं येतो, पोरांना यायला वर्ष लागतं.

इन्सर्टच्या डबीवरचं नावही वाचायला शिका. सीएनएमजी १२०४०८ मधला शेवटचा ०८ म्हणजे टोकाची त्रिज्या ०.८. कपाटातून चुकून ०४ वाला उचलला तर त्याच फीडवर (टूल सरकायच्या वेगावर) फिनिश खरखरीत येईल आणि तुम्ही दिवसभर कूलंटला दोष देत बसाल. मी बसलोय.

दांडियाबाजारवाला

आभार कसे मानू. चार दिवसांनी लिहितोय, कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

गरम जॉब मोजला, ३५.०१६. त्याच्यावर मार्करनं आकडा लिहिला आणि माठाजवळच्या फळीवर मास्टर आणि मायकच्या शेजारी ठेवला. जेवून आल्यावर ३५.००९. सात मायक्रॉन! पोराला बोलावलं, तोही बघत राहिला. नोजल खरंच वर फिरलेला होता, चिपांचा गुंता अडकून. तो खाली वळवल्यावर फरक तीनवर आला. आता वही घातलीय, दर पाचाला माप. दोन दिवसांत ऑफसेटला एकदाच हात लावला.

भोसरीकर, तुम्ही सांगितलेली जी-५० ची ओळ शोधली. ४००० लिहिलंय. मग सहज चकच्या तोंडावरची पट्टी पुसून वाचली, तर त्यावर कमाल फेरे ३३००. मी चुकीचं वाचतोय का? की ह्यात काही सूट असते?

भोसरीचा_सेटर

सूट वगैरे काही नाही. चकवरचा आकडा शेवटचा. वेग वाढला की जॉ (चकचे पकडणारे जबडे) बाहेर फेकले जायला बघतात आणि पकड सुटत जाते, तीही फेऱ्यांच्या वर्गानं. सॉफ्ट जॉ उंच असतील तर ३३०० सुद्धा जास्त. हा मेसेज वाचून होईपर्यंत मशीन बंद पाहिजे.

दांडियाबाजारवाला

बंद केलं. प्रोग्रॅम बाजूच्या मशीनवरून जसाच्या तसा उचललेला होता, त्या मशीनचा चक लहान आहे. पोरानं मोबाइलचा उजेड पाडून पट्टी दोनदा वाचली, खिशातून चावी काढली आणि काही न बोलता ४००० चे २५०० केले. मग फेसिंग चालवून बघितलं. आवाज चढतो, पण एका जागी जाऊन थांबतो. पाय हलला नाही.