बोहेमियन ऱ्हॅप्सडी: गाणं एकाचं की चौघांचं?

निषाद

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडच्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चा विषय निघाला की सगळं श्रेय गायक फ्रेडी मर्क्युरीच्या पदरात टाकून लोक मोकळे होतात. फ्रेडी माझाही लाडका आहे. पण ३१ ऑक्टोबर १९७५ ला ही सिंगल, म्हणजे सुट्या गाण्याची छोटी रेकॉर्ड, आली तेव्हा गाण्याखाली एकच नाव छापलं होतं, आणि ते अपुरं होतं असं माझं ठाम मत आहे. म्हणून हा धागा.

ज्यांना या गाण्याच्या घडणीबद्दल फारसं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ऑगस्ट १९७५ मध्ये वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत काम सुरू झालं, मग लंडनच्या आणखी काही स्टुडिओंत ते चालू राहिलं. निर्माता रॉय थॉमस बेकर, ध्वनिमुद्रक माइक स्टोन. गाणं ५ मिनिटं ५५ सेकंदांचं. त्यातला ऑपेराचा तुकडा जेमतेम मिनिटभराचा आहे, पण त्याला जवळजवळ तीन आठवडे लागले. मर्क्युरी, गिटारवाला ब्रायन मे आणि ड्रमवाला रॉजर टेलर रोज दहा-बारा तास गात होते. तिघांचे आवाज एकमेकांवर चढवत एखाद्या मोठ्या गायकवृंदाचा भास त्यांनी उभा केला.

टेप होती २४ ट्रॅकची. ट्रॅक भरले की त्यावरचे आवाज एकत्र करून एकदोन ट्रॅकवर उतरवायचे, रिकाम्या झालेल्या जागेत पुन्हा गायचं, पुन्हा उतरवायचं. असे १८० च्या आसपास थर झाले. टेप मशीनवरून इतक्या वेळा फिरली की तिच्यावरचा चुंबकीय लेप झिजला आणि उजेडासमोर धरली की आरपार दिसायला लागलं, असं त्या मंडळींनीच सांगून ठेवलंय. त्या झिजलेल्या टेपवर ज्यांचे घसे आणि हात आहेत, त्यांचं नाव 'रचना'मध्ये का नसावं?

मुक्तछंद

साफ असहमत. कष्ट आणि रचना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुम्ही त्यांची सरमिसळ करताय.

बेकर यांनी सांगितलेला प्रसंग आठवा. फ्रेडी पियानोवर सुरुवातीचा भाग वाजवून दाखवतो, मध्येच थांबतो आणि म्हणतो, इथे ऑपेरा येणार. पहिल्यांदा पियानो, बेस, ड्रम ध्वनिमुद्रित केले तेव्हा ऑपेराच्या जागी टेप चक्क कोरी सोडली होती. तिथे काय येणार हे एकाच माणसाला ठाऊक होतं. रोज तो ऑपेराच्या ओळींत आणखी एक 'गॅलिलिओ' हा शब्द घेऊन यायचा आणि तेवढी टेप वाढवावी लागायची. २०२३ मध्ये लंडनला त्याच्या वस्तूंचा लिलाव झाला, त्यात या गाण्याच्या कच्च्या खर्ड्याची पंधरा पानं होती. एका विमान कंपनीच्या छापील कागदांवर लिहिलेली. एका पानावर तर 'मंगोलियन ऱ्हॅप्सडी' असं लिहून 'मंगोलियन' खोडलंय! शब्द, सुरावटींची जुळणी, खाडाखोड, सगळं त्याच्या हातचं.

आणि शेवटी जो दणदणीत रॉकचा भाग येतो, ज्यावर गिटारवाले जीव टाकतात, तोही मर्क्युरीनेच बांधलेला आहे. पियानोवर. म्हणून तो ई फ्लॅट या पट्टीत आहे. गिटारवाल्याचा हात आपणहून तिथे कधी जाणार नाही, आणि हे खुद्द ब्रायन मे यांनी वेगळ्या शब्दांत कबूल केलंय. आता सांगा, दुसऱ्या कुणाचं नाव छापायचं होतं?

जुनी फीत

मी निषाद यांच्या बाजूने. एक स्वानुभव सांगतो.

कॉलेजात असताना माझ्याकडे दोन कॅसेट प्लेअर होते. एकावर माझा आवाज भरायचो, तो वाजवून त्याच्याबरोबर दुसरा सूर गायचो आणि दोन्ही मिळून दुसऱ्या प्लेअरवर भरायचो. मग तेच उलट. दुसऱ्या थरापर्यंत मजा आली. तिसऱ्याला 'स्स्स' असा आवाज सुरांइतकाच मोठा झाला. चौथ्याला पहिला सूर कांबळ्याखालून आल्यासारखा वाटायला लागला. शिवाय पहिल्या थरात मी किंचित बेसूर होतो, ते आता दुरुस्त करायची सोय नव्हती, कारण तो थर बाकीच्यांत कायमचा विरघळला होता.

या गाण्यातले काही आवाज आठ-आठ वेळा टेपवरून टेपवर उतरवलेत. तरी ते कानाला काचेसारखे लागतात. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी ठरवलं असणार की हा आवाज इतका वर, तो इतका खाली, आणि एकदा एकत्र केल्यावर माघार नाही. हे निर्णय रचनेत मोडत नाहीत? कागदावर 'इथे गायकवृंद' असं लिहिणं एक, आणि तिघांच्या गळ्यातून तो काढून झिजत चाललेल्या टेपवर जिवंत ठेवणं दुसरं.

तिकीटखिडकी

तुम्ही दोघंही घडणीबद्दल भांडताय. गाणं हिट का झालं हा मुद्दा बाजूलाच राहिला.

गाणं फार लांब आहे, रेडिओवर कुणी वाजवणार नाही, असं रेकॉर्ड कंपनीचं म्हणणं होतं. केनी एव्हरेट या निवेदकाच्या हाती रेकॉर्ड पडली आणि त्याने लंडनच्या कॅपिटल रेडिओवर शनिवार-रविवार मिळून १४ वेळा वाजवली. आधी तुकडे, मग अख्खं गाणं. सोमवारी लोक दुकानात विचारायला गेले तर रेकॉर्ड अजून आलेलीच नव्हती. इतकी भूक आधीच तयार असल्यावर गाणं चालणारच.

मग व्हिडिओ. १० नोव्हेंबरला एल्स्ट्री स्टुडिओत ब्रूस गोवर्स यांनी तो साधारण चार तासांत चित्रित केला. बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या गाण्यांच्या कार्यक्रमात उभं राहून ऑपेराला ओठ हलवणं विचित्र दिसलं असतं आणि बँड दौऱ्यावर निघालेला, म्हणून ही चित्रफीत पाठवली. ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत नऊ आठवडे पहिला क्रमांक.

आणि 'सहा मिनिटांचं गाणं म्हणजे केवढं धाडस' हे पालुपद आता पुरे. बीटल्सचं 'हे ज्यूड' १९६८ चं, सात मिनिटांच्या वर, पहिला क्रमांक. त्याच १९७५ मध्ये टेनसीसी या बँडचं 'आय अॅम नॉट इन लव्ह' पहिल्या क्रमांकावर होतं, आणि तेही आवाजांचे थरांवर थर चढवूनच बनवलेलं. म्हणजे लांबी आणि थर, दोन्ही लोकांच्या कानांना सवयीचे झाले होते. क्वीनही नवखे नव्हते. 'किलर क्वीन' १९७४ मध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं होतं. वेळ जुळून आली, एवढंच.

निषाद

तिकीटखिडकी, टेनसीसीचं उदाहरण चपखल आहे, ते मी विसरलो होतो. पण 'वेळ जुळून आली, एवढंच' हे पटत नाही. एव्हरेटने १४ वेळा वाजवलं ते कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, त्याला ते भयंकर आवडलं म्हणून. आणि व्हिडिओ टीव्हीवर दिसण्याआधीच गाणं विक्रीच्या यादीत चढायला लागलं होतं.

'हे ज्यूड' लांब आहे, पण त्याचा शेवटचा अर्धा भाग एकच ओळ आहे, कुणीही गावी अशी. इथे ध्रुवपदच नाही! वाद्यांशिवायची सुरुवात, मग पियानोवरची कहाणी, मग गिटार, मग ऑपेरा, मग रॉक, मग सगळं शांत. गेलेला भाग परत येत नाही. तरी लोकांना सहाच्या सहा मिनिटं पाठ आहेत.

मुक्तछंद

निषाद, हा परिच्छेद तुम्ही माझ्या बाजूने लिहिलाय. ध्रुवपद नसलेलं गाणं लोकांच्या तोंडी बसतं ते रचनेच्या जोरावर. टेपचे थर ध्रुवपदाची जागा घेऊ शकत नाहीत.

समूहस्वरा

मी समूहगानात गेली अनेक वर्षं मधल्या पट्टीत गाते. माझी बाजू जरा तिसरीच आहे.

आम्ही हा ऑपेराचा भाग बसवायला घेतला तेव्हा पहिली गोष्ट लक्षात आली की सूर अवघड नाहीत. ओळी तुटक आहेत, शब्द सोपे आहेत, आठवड्याभरात पाठ झाल्या. पण रेकॉर्डसारखं काही केल्या वाजेना. आम्ही तीसच्या वर माणसं गात होतो आणि ते तिघं! शेवटी एकेक आवाज वेगळा काढून ऐकायला लागलो. खालचा आवाज मे यांचा, मऊ आणि रुंद. मधला मर्क्युरीचा, धारदार, अक्षरन् अक्षर चावून म्हटलेलं. वरचा टेलरचा, पत्र्यावर नाणं आपटावं तसा. ऑपेराचा भाग संपताना जो सूर आभाळाला जाऊन भिडतो तो टेलरचा, वरचा बी फ्लॅट. तो सूर दुसऱ्या कुणी घेतला की तुकडा लगेच सभ्य होऊन बसतो. आमच्याकडे दोघी सोप्रानो, म्हणजे सगळ्यात वरच्या पट्टीत गाणाऱ्या, तो सहज घेतात, सुंदर घेतात, आणि तरी ते होत नाही. ड्रमवाल्या पुरुषाच्या गळ्यातून ताणून आलेला आवाज हवा असतो तिथे.

म्हणून मुक्तछंद, रचना एकट्याची हे मान्य, पण ती कुठल्या गळ्यांसाठी केली होती हे विसरता येत नाही. टेलर बँडमध्ये नसता तर फ्रेडीने तो सूर लिहिला असता का? माझं मत, नसता लिहिला.

डोंगरपायथा

सगळ्यांना एक आठवण. फ्रेडी म्हणजे फारुख बलसारा. झांझिबारमध्ये जन्म, पारशी घर, आणि शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. तिथेच 'हेक्टिक्स' नावाचा पहिला बँड. गाण्यात 'बिस्मिल्ला' येतं ते या वाटेनेच आलं असणार. आपल्या मातीचा वाटाही मोजा की!

जुनी फीत

पाचगणीचा अभिमान मलाही आहे. पण तिथे तो पाश्चात्त्य पियानो शिकला आणि शाळेच्या गायकवृंदात गायला. मोजायचं तर ते मोजा. गायकवृंदात उभं राहिलेल्या मुलालाच पुढे टेपवर गायकवृंद रचावासा वाटला, हे मला जास्त खरं वाटतं. 'बिस्मिल्ला'च्या बाजूला 'स्कारामूश' आणि 'गॅलिलिओ'ही आहेत, त्यांची माती कुठली धरायची?

तिकीटखिडकी

व्हिडिओचा मुद्दा मी घाईत मांडला, नीट सांगतो. अंधारात चार चेहरे, उजेड वरून. ही चौकट 'क्वीन टू' या १९७४ च्या अल्बमच्या मुखपृष्ठावरून घेतली. ऑपेरा सुरू झाला की भिंगापुढे पैलू पाडलेली काच येते आणि एकाच चेहऱ्याचे मधमाशीच्या पोळ्यासारखे अनेक चेहरे होतात. एका जागी कॅमेरा मॉनिटरवर रोखून चेहऱ्यामागे चेहऱ्यांची रांग लांबवलीय. टेपवर तीन गळ्यांचं जे केलं तेच काचेने चेहऱ्यांचं केलं. ऐकताना न कळलेलं लोकांना बघून कळलं. नुसती जाहिरात म्हणून मी ते सोडून द्यायला नको होतं.

पण नंतरच्या यशाचं काय? फ्रेडी नोव्हेंबर १९९१ मध्ये गेला आणि डिसेंबरात गाणं ब्रिटनमध्ये पुन्हा पहिल्या क्रमांकावर आलं. अमेरिकेत १९७६ मध्ये ते नवव्या क्रमांकावर अडलं होतं. १९९२ मध्ये 'वेन्स वर्ल्ड' सिनेमात गाडीत बसलेल्या पोरांनी त्यावर माना हलवल्या आणि गाणं दुसऱ्या क्रमांकावर गेलं. रचना तीच, टेप तीच. मधल्या सोळा वर्षांत बदललं ते फक्त बाहेरचं.

निषाद

त्या माना नेमक्या कुठल्या भागावर हलल्या? ई फ्लॅटमधल्या रॉकवर. तीन मिनिटांचा संयम आणि एका मिनिटाचा ऑपेरा झाल्यावर तो बांध फुटतो, म्हणून मान हलते. बाहेरचं निमित्त वेगळं होतं, पण वाफ आत कोंडलेलीच होती.

आता नावाबद्दल. याच सिंगलच्या बी साइडला रॉजर टेलरचं 'आय अॅम इन लव्ह विथ माय कार' होतं. विक्रीतून गीतकाराला मिळणारा वाटा दोन्ही बाजूंना सारखा. म्हणजे टेलरला 'ऱ्हॅप्सडी'मधल्या त्या आभाळाला भिडणाऱ्या सुराबद्दल गीतकार म्हणून काही नाही, आणि मागच्या बाजूच्या गाण्याबद्दल फ्रेडीइतकंच! श्रेय कागदावर नीट वाटलं नाही की असं होतं. चौघांना हे कळायला १९८९ उजाडलं. 'द मिरॅकल' अल्बमपासून सगळी गाणी 'क्वीन' या एका नावाने छापायला लागले. हेच १४ वर्षं आधी व्हायला हवं होतं.

मुक्तछंद

१९८९ चा निर्णय भांडणं मिटवण्यासाठी चांगला होता, इतिहास सांगण्यासाठी नव्हे. त्यानंतर कुठलं गाणं कुणाचं हे चाहत्यांना मुलाखती वाचून शोधावं लागतं. सगळ्यांचं नाव लावलं की कुणाचंच कळत नाही. 'ऱ्हॅप्सडी'वर 'क्वीन' छापलं असतं तर त्या पंधरा पानांचा धनी कोण, हेही आपण इथे विचारत बसलो असतो.

समूहस्वराताईंचं म्हणणं मात्र डोक्यातून जात नाहीये. गळे बघून लिहिलं, हे बरोबर आहे. तेव्हा माझी मागे सरण्याची हद्द सांगतो: 'रचना: मर्क्युरी. आवाज: मर्क्युरी, मे, टेलर.' असं छापा, मी सही करतो. 'रचना' या शब्दाला हात लावू देणार नाही.

समूहस्वरा

मला चालेल. मंचावर ते स्वतःही हा भाग गात नसत. ऑपेरा आला की चौघं आत जायचे, टेप वाजायची, आणि रॉकच्या ठोक्याला सगळे बाहेर यायचे. १३ जुलै १९८५ ला वेम्बलीत 'लाइव्ह एड' या मदतनिधीच्या मैफलीत आपल्या वाट्याची सुरुवात याच गाण्याने केली, पण पियानोचा भाग घेऊन ऑपेराच्या आधीच दुसऱ्या गाण्यात शिरले. ते तीन आठवडे त्यांनाही पुन्हा उभे करता येत नव्हते.

निषाद

मुक्तछंद, तुमच्या यादीत एक नाव राहिलं. जॉन डीकन. ऑपेरात त्याचा आवाज नाही, म्हणून तो प्रत्येक चर्चेतून गळतो. हेडफोन लावा आणि पियानोची कहाणी सुरू होते तिथे फक्त बेसकडे लक्ष द्या. मर्क्युरीचा पियानो, टेलरचे ड्रम आणि हा बेस एकदम बसून वाजवलेत, कोऱ्या सोडलेल्या टेपच्या अलीकडे. पुढचे सगळे थर त्याच्यावर चढले. गाताना फ्रेडी एखाद्या शब्दावर रेंगाळतो आणि बेस त्याच्यासाठी थांबतो, ती जागा दोनदा ऐका. मग सही करा.