रानमेंढ्याचं वय: शिंगावरची नक्की कोणती रेघ मोजायची?

गिरिचर: बिगहॉर्न मेंढ्याचा (उत्तर अमेरिकेतला मोठ्या शिंगांचा रानमेंढा) सप्टेंबरमधला फोटो आहे, बाजूने घेतलेला. शिंगावरच्या रेघा मोजल्या तर एकदा १४ येतात, एकदा ७. शिंगाचा वळसा जवळपास पूर्ण आहे. त्यावरून वय सांगता येईल का?

दुर्बीण: १४ मधल्या बऱ्याचशा नुसत्या वळ्या असणार. नोव्हेंबर-डिसेंबरात मेंढे चरणं सोडून माद्यांमागे फिरतात, पाठोपाठ चारा आटतो आणि शिंगाची वाढ थांबते. वसंतात शिंगाच्या जुन्या खोळीखालून (बाहेरच्या कठीण आवरणाखालून) नवी खोळ सरकते, जणू एकात एक बसवलेले शंकू. त्या सांध्याची खाच म्हणजे वर्षाचं वलय. ती शिंगाला पूर्ण वेढा घालते, मळ बसून काळी दिसते. वळी मात्र पुढच्या कडेवर ठसठशीत असते आणि मागे जाईपर्यंत विरते. म्हणून मागच्या बाजूनेच मोजा, टोकाकडून बुडाकडे. कोकरूपणाचा पहिला तुकडा आखूड आणि बारीक, पुढचे दोन-तीन सर्वांत लांब, मग दरवर्षी आखूड होत जातात. मधेच एक आखूड आणि त्यापुढे पुन्हा लांब तुकडा आला, तर खोटी रेघ मोजल्याची शंका घ्या.

कडेकपारी: टोक आधी बघा. बोथट आणि चिरफाळलेलं असेल तर पहिलं वलय तुटून गेलेलं असतं. किमान एक वर्ष मिळवा. बुडाशीही फसगत होते, म्हाताऱ्या मेंढ्याची शेवटची वलयं एकमेकांना चिकटलेली असतात आणि केसांत लपतात. टोक शाबूत असून ७ वलयं असतील, तर मे-जूनचा जन्म धरून सप्टेंबरात वय ७ वर्षं आणि तीन-चार महिने.

दुर्बीण: वळशावरून वय ठरवू नका, हे कळकळीने सांगतो. चांगल्या कुरणातला मेंढा लवकर वळसा पुरा करतो, निकृष्ट कुरणातला उशिरा. अलास्कात डॉल मेंढ्याच्या (तिथल्या पांढऱ्या रानमेंढ्याच्या) शिकारीसाठी शिंगाचा वळसा पूर्ण असण्याचा नियम आहे, तिथेही ८ वर्षं वय किंवा दोन्ही टोकं तुटलेली असणं या पर्यायी कसोट्या ठेवल्या आहेत.

गिरिचर: टोक तुटलंय, आता दिसलं! म्हणजे किमान ८. माद्यांनाही हेच लागू?

कडेकपारी: साधारण चौथ्या वर्षापर्यंतच. पुढे त्यांचं शिंग इतकं कमी वाढतं की वलयं सुटी दिसत नाहीत. दातांचाही आधार तिथेच संपतो, कारण चार वर्षांच्या सुमारास पुढच्या कायमच्या दातांच्या चारही जोड्या आलेल्या असतात. त्यापुढच्या मादीची नोंद नुसती ‘प्रौढ’ अशी करा.