‘उधाण’ रोज ऐकतो, ‘भांग’ कुठे गेला?

दादरकर :
परवा सकाळी आईचा फोन. “आज दुपारी साडेचार मीटरच्या लाटा येणार आहेत, समुद्राला उधाण आहे, चौपाटीकडे फिरकू नकोस.” बातमीत अगदी असंच लिहिलं होतं. मी मुद्दाम एक वाजता दादर चौपाटीवर गेलो. वारा पडलेला. पाणी थेट बांधाच्या दगडांना येऊन टेकलं होतं, वाळूचा पट्टा दिसतच नव्हता. पण लाटा जेमतेम गुडघ्याएवढ्या. साडेचार मीटर म्हणजे जवळजवळ दीड मजला!

तिथे उभं राहून वाटलं की घोळ पाण्यात नाही, शब्दांत आहे. लाट, भरती आणि उधाण हे तीन शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. लाट वारा उठवतो. भरती मुख्यतः चंद्रामुळे येते. आणि चंद्र-सूर्य एका ओळीत येऊन दोघांचा जोर एकत्र लागला की ते उधाण, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची मोठी भरती. बातमीतले साडेचार मीटर ही भरतीची उंची होती, लाटेची नव्हे. तीसुद्धा सरासरी समुद्रपातळीपासून मोजलेली नसते. बंदराच्या नकाशावरचं शून्य साधारण सर्वांत खालच्या ओहोटीच्या पातळीला धरतात. मुंबईत सरासरी पातळीच त्या शून्याच्या सुमारे अडीच मीटर वर आहे. म्हणजे त्या दुपारी पाणी सरासरीपेक्षा दोनेक मीटर चढलं होतं, एवढंच. पावसाळ्यात मोठी भरती आणि वाऱ्याच्या मोठ्या लाटा एकाच वेळी येतात तेव्हा धोका खराच असतो, पण म्हणून दोन्हींना एकच शब्द लावायचा?

दुसरा प्रश्न ‘भांग’चा. शाळेच्या भूगोलात ‘उधाणाची भरती’ आणि ‘भांगाची भरती’ अशी जोडी होती. उधाण भाषेत चांगलंच रुजलं: चर्चेला उधाण, उत्साहाला उधाण. भांग मात्र केसांतला आणि होळीतलाच उरला. समुद्राचा भांग कोणाच्या बोलण्यात अजून आहे का?

वेसावकरीण :
आहे ना दादा, आमच्या घरात रोज आहे. भांग म्हणजे अष्टमीच्या मागेपुढे पाणी मंदावतं ते दिवस. तुम्हाला तो शब्द परीक्षेपुरता होता, आमचा त्यावर महिन्याचा हिशेब चालतो. डोल जाळं पाहिलंय का कधी? मोठ्या शंकूसारखी पिशवी असते, समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधलेली, तोंड प्रवाहाकडे. जाळं ओढत न्यायचं नाही, दर्याचं पाणीच बोंबील, जवळा, करंदी आत ढकलतं. भरती संपून पाणी वळायच्या आधी थोडा वेळ थांबतं, तेवढ्यात जाळं उचलायचं. उधाणात प्रवाहाला जोर, म्हणून मासळी भरपूर. भांगात पाणी इतकं मवाळ की जाळं नीट फुगतच नाही. बाजारात बोंबील कमी दिसले आणि भाव चढला की माझी सासू आधी विचारते, “तिथ कोणती?”

आणखी एक. उधाण फक्त भरतीचं नसतं. पाणी जितकं वर चढतं तितकंच ओहोटीला खाली उतरतं. ‘उधाणाची ओहोटी’ म्हटलं की शहरातली माणसं गोंधळतात, पण एरवी कधी न दिसणारे खडक तेव्हाच उघडे पडतात. भांगात याच्या उलट: भरती फार चढत नाही, ओहोटी फार उतरत नाही.

दादरकर :
ताई, ‘उधाणाची ओहोटी’ने माझं म्हणणंच सुधारलंत. म्हणजे उधाण हे भरतीचं नाव नाही, पाणी किती चढतं-उतरतं त्या अंतराचं आहे. मुंबई बंदरासाठी हा फरक उधाणात सरासरी साडेतीन मीटरच्या थोडा वर आणि भांगात दीड मीटरच्या आसपास असतो. दुसऱ्या परिच्छेदात मी ‘मोठी भरती’ लिहिलं, ते अपुरं होतं.

निवृत्त मास्तर, गिरगाव :
या शब्दांमागे एक सुंदर गणित आहे. आमच्या लहानपणी पाऊणकी पाठ करून घेत: एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. आमचे आजोबा तिच्यावरूनच भरतीची वेळ सांगत. तिथीची पाऊणपट करा, तेवढे वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दिवसा आणि रात्रीही. पक्ष शुक्ल असो वा कृष्ण.

हे जमतं कारण चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि भरती त्याच्या मागून चालते. काटेकोर पाहिलं तर महिन्यात ३० तिथ्या, दिवसात ३० मुहूर्त, आणि भरती दर तिथीला एक मुहूर्त म्हणजे ४८ मिनिटं पुढे सरकते. तीस तिथ्यांत बरोबर एक पूर्ण दिवस! पाऊणकीत ४५ मिनिटं धरली जातात, म्हणून चतुर्दशी-पौर्णिमेपर्यंत पाऊण तासाचा फरक पडतो. तोंडी हिशेबाला तेवढं चालतं.

एक कटू उदाहरण देतो. २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. पौर्णिमा २१ तारखेला होऊन गेलेली. तिथी सोडून नुसते दिवस मोजले तरी पाचवा दिवस, पाच पाऊण पावणेचार. त्या दुपारची भरती पावणेचारच्या सुमाराचीच होती, आणि जवळपास साडेचार मीटरची. शहरातलं पाणी जिथून समुद्रात जायचं, त्या नाल्यांची तोंडं ऐन पावसात समुद्रानेच अडवली होती. म्हणून म्हणतो, ‘लाटा’ लिहून चालत नाही. लाट चौपाटीवर फुटते. भरतीचं पाणी नाल्यातून थेट गल्लीपर्यंत जाऊन भिडतं.

नवी वाचक :
एक अडाणी प्रश्न. सूर्याची ओढ चंद्रापेक्षा कितीतरी मोठी ना? मग भरती ‘चंद्राची’ का? आणि चंद्र एकाच बाजूला असताना दिवसातून दोनदा कशी?

निवृत्त मास्तर, गिरगाव :
बाई, हाच खरा प्रश्न आहे. भरती नुसत्या ओढीने होत नाही, ओढीतल्या फरकाने होते. चंद्राकडच्या बाजूचं पाणी जास्त ओढलं जातं, पृथ्वीचा मध्य त्याहून कमी, पलीकडचं पाणी आणखी कमी. पलीकडचं मागे राहतं म्हणून तिथेही फुगवटा येतो. दोन फुगवटे, म्हणून दोन भरत्या.

आता सूर्य. तो चंद्राच्या सुमारे २ कोटी ७० लाख पट जड, पण सुमारे ३९० पट लांब. ओढ अंतराच्या वर्गाने कमी होते, तिचा हिशेब केला तर सूर्यच जवळपास १८० पट भारी. पण ओढीतला फरक अंतराच्या घनाने घटतो. ३९० चा घन जवळपास ५ कोटी ९० लाख. त्याने भागलं की सूर्याच्या वाट्याला चंद्राच्या ०.४६ पट जोर उरतो. एका ओळीत आले तर १.४६, काटकोनात आले तर ०.५४. पहिलं उधाण, दुसरा भांग. दोघांत पावणेतीन पटीच्या आसपास फरक, आणि दादरकरांनी दिलेले मुंबईचे आकडे त्याच्या जवळच येतात. बाकी फरक किनाऱ्याच्या आकाराचा. गोव्याला पाणी दोनेक मीटर चढतं, खंबातच्या आखातात भावनगरला दहा मीटरच्या घरात.

नवी वाचक :
कळलं! मग येत्या अष्टमीला सुट्टी आहे, मुलाला हाजी अलीजवळचे खडक आणि त्यांतले जीव दाखवायला नेऊ का?

वेसावकरीण :
अष्टमीला नको गं, भांग आहे. खडक पाण्याखालीच राहतील. जोराचं पाणी अमावास्या-पौर्णिमेच्या एक-दोन दिवस नंतर असतं. अमावास्या होऊ दे, द्वितीयेला जा. दोन पाऊण दीड, रात्री दीडला भरती. तिथून सहा तास धर, सकाळी साडेसातला ओहोटीचा तळ. सहा-साडेसहालाच पोच, पाणी उतरत असताना त्याच्या मागे मागे चाल. आणि एकदा पाणी वळलं की फोटोसाठीसुद्धा थांबू नकोस, मुलाला घेऊन सरळ वर ये.