लिनक्स ड्रायव्हरमध्ये 'रेट = ०' आधीच लिहून ठेवावं का?

खालचा थर (धागाकर्ता)
रिव्ह्यूमध्ये एक सूचना सर्रास येते: फंक्शनच्या सुरुवातीलाच सगळ्या लोकल व्हेरिएबलना शून्य देऊन टाका, रिटर्न कोड ठेवणाऱ्या 'रेट'लाही (ret). माझा ठाम विरोध. ड्रायव्हरमध्ये शून्याला अर्थ असतो. रिटर्न कोडमध्ये ते यश, स्टेटस रजिस्टरमध्ये बहुतेकदा "बिझी नाही, एरर नाही". प्रोबमध्ये (ड्रायव्हर डिव्हाइसला जोडताना कर्नल बोलावतो ते फंक्शन) पहिलाच रिसोर्स (क्लॉक, रीसेट वगैरे) मिळाला नाही, कोड गोटूने बाहेर पडला आणि रेटमध्ये एरर भरायची राहिली, तर प्रोब शून्य परत करतो. कर्नलच्या लेखी ड्रायव्हर नीट बसला. पुढे क्लॉक बंद असलेल्या ब्लॉकचं रजिस्टर कोणीतरी वाचतं आणि बस अडकते. तिथून मूळ चूक शोधायला दिवस जातात. रेट कोरा (सुरुवातीला किंमत न दिलेला) असता तर क्लँग कंपायलरने बिल्डलाच वॉर्निंग दिली असती.

बोर्ड ब्रिंगअप
वॉर्निंगवर एवढं विसंबू नका. जीसीसी कंपायलरची 'मेबी अनइनिशियलाइज्ड' (व्हेरिएबल कदाचित कोरं आहे) वॉर्निंग कर्नल ५.७ पासून (२०२०) नेहमीच्या कर्नल बिल्डमध्ये बंद आहे, कारण खोट्या वॉर्निंग फार यायच्या. व्हेरिएबलचा पत्ता दुसऱ्या फंक्शनला दिला की क्लँगही गप्प बसतो, आणि रेगमॅप रीडला (चिपचं रजिस्टर वाचणारं कर्नलचं फंक्शन) आपण पत्ताच देतो. आयटूसी बसवर नॅक आला (चिपने पोच दिली नाही), रिटर्न कोड तपासला नाही, तर व्हॅल्यूमध्ये स्टॅकवरचा जुना कचरा उरतो. मग एका बोर्डावर चालतं, दुसऱ्यावर नाही. प्रिंट टाकली की बग गायब. शून्य दिलं तर निदान दरवेळी वागणूक एकच.

शिवाय तुम्ही सांगता ती चूक बहुतेकदा प्रोबच्या दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर होते. तोवर रेटमध्ये आधीच्या यशस्वी कॉलचं शून्य आलेलंच असतं. सुरुवातीला कोरं ठेवून काय मिळालं?

खालचा थर
हा मुद्दा मान्य. ती चूक स्मॅच (कर्नलचा कोड तपासणारं टूल) 'मिसिंग एरर कोड' म्हणून पकडतो. पण खरा उपाय रेटच काढून टाकण्याचा आहे: क्लॉक, रीसेट, रेग्युलेटर डेव्हएमवाल्या (डिव्हाइस सुटताना रिसोर्स आपोआप परत करणाऱ्या) फंक्शननी घ्या आणि जिथे फसलं तिथेच 'रिटर्न डेव्ह एरर प्रोब' लिहा. दिलेला एरर कोडच ते परत करतं, त्यामुळे विसरायला जागा नाही.

रेगमॅपमध्ये वागणूक एकच, पण चुकीची. बिझी बिट उतरण्याची वाट बघणारा लूप नॅक आल्यावर पहिल्याच फेरीत "चिप तयार" म्हणून बाहेर पडेल. रिटर्न कोड तपासण्याला पर्याय नाही.

पॅडिंग
तुम्ही दोघं साध्या इंटबद्दल भांडताय. स्ट्रक्चरला हा कोरं ठेवण्याचा नियम लावू नका. एसपीआय बसचं ट्रान्सफर स्ट्रक्चर आधी पूर्ण शून्य करा, हे कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्येच आहे. उद्या नवीन फील्ड आलं तर त्यात कचरा जायला नको. तिथे डेझिग्नेटेड इनिशियलायझर (हवी ती फील्ड नाव घेऊन भरणं, उरलेली आपोआप शून्य) पुरतो.

आयओसीटीएल कॉलमधून युजरस्पेसला (कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅमकडे) जाणाऱ्या स्ट्रक्चरला मात्र तो पुरत नाही. यू८ (१ बाइट) आणि मागोमाग यू३२ (४ बाइट) घ्या: डेटा ५ बाइट, आकार ८, मधले ३ बाइट पॅडिंग (कंपायलरने जुळवणीसाठी सोडलेली जागा). ते शून्य होतीलच अशी हमी त्या इनिशियलायझरने मिळत नाही, आणि कॉपी टू युजर आठही बाइट पाठवतं. म्हणजे कर्नल स्टॅकचे तुकडे बाहेर. मेमसेटने सगळं शून्य करून मग फील्ड भरा, किंवा त्या ३ बाइटना रिझर्व्हड फील्ड करून टाका.

आणखी एक: कर्नल ६.५ पासून आलेला, फंक्शन संपताना आपोआप केफ्री होणारा (मेमरी मोकळी करणारा) पॉइंटर कधीच कोरा ठेवू नका. मध्येच रिटर्न झालं की कचरा पत्ता केफ्रीकडे जातो.

बोर्ड ब्रिंगअप
मग 'इनिट स्टॅक ऑल झीरो' (स्टॅकवरची कोरी व्हेरिएबल कंपायलरकडून शून्य करून घेणारा कर्नल पर्याय) चालू करा. क्लँगसाठी कर्नल ५.९ पासून आहे, जीसीसीला आवृत्ती १२ लागते. सोर्समध्ये व्हेरिएबल कोरंच राहतं, त्यामुळे वॉर्निंगही दडत नाहीत.

खालचा थर
प्रॉडक्शनला हवंच. टेस्ट बिल्डला मात्र 'पॅटर्न' (शून्याऐवजी ठराविक खूण भरणारा पर्याय) लावा: ६४ बिट क्लँग स्टॅकवर हेक्स एए भरतो, जीसीसी हेक्स एफई. पण जपून, दोन्हींत बिट ० शून्यच आहे. तुमच्या चिपचा बिझी बिट नेमका तिथे असेल तर पॅटर्ननेही बग दिसणार नाही. अशा वेळी डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावरच्या हार्डवेअरचं वर्णन) चिपचा आयटूसी पत्ता मुद्दाम चुकीचा, बसवर कोणाचाच नसलेला द्या आणि बूट करा. प्रोब एरर देऊन बाहेर पडला पाहिजे. प्रोब चिपशी बोलत असूनही ड्रायव्हर बसला, तर बहुधा कुठेतरी रिटर्न कोड तपासायचा राहिलाय.