शोकांतिका, शोकात्मिका आणि ट्रॅजेडी : नेमका फरक काय?

एक शंका आहे. पेपरात, बातम्यांत उठसूट 'शोकांतिका' दिसतं, म्हणजे "पूल झाला पण पुलापर्यंत जायला रस्ताच नाही, हीच खरी शोकांतिका" या टाइपचं. कॉलेजच्या नोट्समध्ये मात्र सगळीकडे 'शोकात्मिका'. आमच्या मॅडम वर्गात बोलताना शोकांतिकाच म्हणतात पण उत्तरपत्रिकेत शोकात्मिका लिहा म्हणतात. लायब्ररीतल्या एका जुन्या पुस्तकात तर 'शोकपर्यवसायी नाटक' असंही दिसलं. हे सगळं एकच का? आणि संस्कृतात याला काय म्हणायचे? भरताच्या 'नाट्यशास्त्रा'तली दहा रूपकांची, म्हणजे नाट्यप्रकारांची, यादी दोनदा वाचली, नाटक, प्रकरण, भाण, प्रहसन, डिम वगैरे, त्यात ट्रॅजेडीसारखं काही दिसलं नाही.

----

एकच आहे हो. शेवट वाईट की शोकांतिका, शेवट गोड की सुखांतिका. उगाच शब्दाचा कीस कशाला पाडायचा :)

----

थोडा कीस पाडावा लागेल, कारण या दोन शब्दांत नाटकाकडे बघायच्या दोन वेगळ्या पद्धती लपल्यात.

शोकांतिका म्हणजे जिच्या अंती शोक आहे ती. शोकपर्यवसायी म्हणजेही तेच, जरा भारदस्त कपडे घालून. दोन्ही शब्द सगळं वजन शेवटच्या प्रवेशावर टाकतात. शोकात्मिका म्हणजे शोक जिचा आत्मा आहे ती, शेवट काहीही होवो. (संस्कृतवाला खडूस असेल तर तो म्हणेल शोकांत म्हणजे शोकाचा अंत असाही समास सुटतो, मग शोकांतिका म्हणजे उलट आनंदाची बातमी. ते सोडा.)

आता गंमत अशी की ज्या ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलचं नाव घेऊन आपण हे सगळं शिकतो त्याने शेवटाची अट घातलेलीच नाही. त्याची व्याख्या आहे गंभीर, पूर्ण आणि ठरावीक विस्तार असलेल्या कृतीचं अनुकरण, करुणा आणि भय जागं करून त्यांचं विरेचन (मनातून निचरा) घडवणारं. त्यात 'शेवटी सगळे मरतात' कुठे आहे? 'काव्यशास्त्रा'च्या तेराव्या प्रकरणात तो म्हणतो सुखातून दुःखात जाणारं कथानक चांगलं, आणि लगेच चौदाव्यात म्हणतो की सगळ्यात उत्तम प्रसंग म्हणजे आपल्याच माणसाचा जीव घ्यायला हात उचललाय आणि त्या क्षणी ओळख पटते आणि हात थांबतो. उदाहरण देतो इफिजिनायाच्या नाटकाचं, सख्ख्या भावाचा बळी द्यायच्या बेतात असलेली बहीण, आणि ते नाटक संपतं तेव्हा बहीणभाऊ सुखरूप गलबतावर असतात. या दोन प्रकरणांचा मेळ कसा घालायचा यावर पंडित अजून भांडतायत. पण एवढं नक्की की ग्रीकांच्या लेखी सुखरूप सुटका झालेलं नाटकही ट्रॅजेडीच होतं. सोफोक्लिसचं 'फिलॉक्टेटीस' घ्या, शेवटी हेरॅक्लीस येऊन समेट घडवून देतो, तरी ती ट्रॅजेडी.

मग शेवट बघून लेबल लावायची सवय कुठून आली? ती मधल्या काळातली. उशिराच्या रोमन व्याकरणकारांनी सोपी वाटणी केली, सुरुवात बरी शेवट वाईट ती ट्रॅजेडी, उलट असेल ती कॉमेडी. म्हणून तर नरकापासून सुरू होऊन स्वर्गात पोचणाऱ्या दांतेच्या काव्याचं नाव कॉमेडी आहे, त्यात हसण्यासारखं फारसं काही नसताना. पुढे शेक्सपिअर, आणि आपल्याकडे ट्रॅजेडी आली ती मुख्यतः शेक्सपिअरच्या बोटाला धरून, कॉलेजांतून. हॅम्लेट, ऑथेल्लो, लिअर, पडदा पडतो तेव्हा नायक गेलेला असतो. तेव्हा आपल्या लोकांना शेवट हीच खूण वाटली आणि शब्दही तसेच बनले यात नवल नाही. १८६१ चं विनायक जनार्दन कीर्तन्यांचं 'थोरले माधवराव पेशवे' शोकपर्यवसायी म्हणून गाजलं, त्यात माधवरावांचा मृत्यू आणि रमाबाईंचं सती जाणं. पण शेक्सपिअरच्या १६२३ च्या पहिल्या फोलिओत, म्हणजे त्याच्या नाटकांच्या पहिल्या एकत्रित छापील संग्रहात, शेवट गोड होणारं 'सिंबेलिन' ट्रॅजेडीच्या गठ्ठ्यात छापलंय, हेही लक्षात ठेवा.

----

मग संस्कृतात ट्रॅजेडी नाही असं जे सगळे ठोकून देतात, त्याचं काय? अंकात मरण दाखवू नये असा नियमच होता ना?

----

नियम होता. युद्ध, राज्य जाणं, मरण, नगराला वेढा, या गोष्टी प्रत्यक्ष न दाखवता प्रवेशकातून, म्हणजे दोन अंकांमधल्या छोट्या जोडप्रवेशातून, सांगाव्यात असं नाट्यशास्त्र म्हणतं. आणि कथानकाच्या पाच अवस्थांची साखळी आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ति करत शेवटी फलागमावर येते, म्हणजे नायकाला फळ मिळायचंच. शेवट बघून ट्रॅजेडी ठरवायची म्हटलं तर संस्कृतात ती जवळजवळ नाहीच, हे खरं.

जवळजवळ म्हटलं कारण 'ऊरुभंग'. त्रिवेंद्रमच्या गणपतिशास्त्रींनी १९१२ पासून जी तेरा नाटकं भासाची म्हणून छापली त्यातलं हे एक. मांड्या फुटलेला दुर्योधन जमिनीवर पडलाय, आंधळा बाप आणि डोळ्यांवर पट्टी बांधलेली आई त्याला शोधत येतात, सोबत बायका आणि छोटा दुर्जय. पोर नेहमीसारखं बापाच्या मांडीवर बसायला जातं आणि बाप त्याला अडवतो. मांडीच राहिली नाही, सांगणार काय पोराला? आणि मग दुर्योधन तिथेच, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मरतो. दहा रूपकांत 'उत्सृष्टिकांक' नावाचा एक प्रकार आहे, करुणरसाचा, बायकांच्या विलापाचा, काही अभ्यासक ऊरुभंगाला त्यात बसवतात. धागाकर्त्यांना यादीत काही दिसलं नाही ते बहुतेक त्यामुळे, यादीत तो नुसता 'अंक' म्हणून येतो.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते 'उत्तररामचरित'. त्याचा नाटककार भवभूती आपला विदर्भातल्या पद्मपूरचा. तिसऱ्या अंकात राम पंचवटीत परत आलाय, सीता मेली असं धरून चाललाय, आणि सीता तिथेच त्याच्या शेजारी अदृश्य उभी आहे. तो मूर्च्छित पडतो, ती हात लावून त्याला शुद्धीवर आणते, त्याला तो स्पर्श ओळखीचा वाटतो आणि बघतो तर कुणी नाही. त्याच अंकाच्या शेवटी नदीदेवता तमसा म्हणते "एको रसः करुण एव", रस एकच, करुण. नाटक संपतं ते मात्र मीलनाने. आता याला शोकांतिका कसं म्हणणार, अंती शोकच नाही. शोकात्मिका? मी तरी बिनधास्त म्हणेन.

इथे भरताचा एक बारकावा कामी येतो, तो कुणी फारसा सांगत नाही. करुण आणि विप्रलंभ (विरहाचा) शृंगार, दोन्हींत रडारडच, मग फरक काय? तो म्हणतो करुण निरपेक्ष, विप्रलंभ सापेक्ष. म्हणजे परत भेटायची आशा उरली असेल तर तो विरह, आशा संपली की करुण. रामाच्या बाजूने आशा संपलेली आहे, प्रेक्षकाला मात्र सीता जिवंत दिसतेय. एकाच प्रवेशात दोन्ही. रस ठरवताना शेवट काय होणार हा प्रश्न भरताला पडलेलाच नाही, आत्ता बसलेल्या माणसाला कसला अनुभव येतोय हे तो विचारतो. आणि ॲरिस्टॉटलही करुणा नि भय म्हणतो तेव्हा प्रेक्षकाच्या आतच बघत असतो. म्हणजे हे दोघे जुने लोक आपल्याला वाटतं त्यापेक्षा एकमेकांच्या जवळ बसतात, दूर गेलोय ते आपण.

----

+१, पण शेवटचं वाक्य जरा एकतर्फी झालं. आधुनिक टीकेने 'संघर्ष' दिला की. जर्मन तत्त्वज्ञ हेगेलने सोफोक्लिसच्या 'अँटिगनी'त दाखवलं की इथे चूक विरुद्ध बरोबर नाही, दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर आहेत म्हणून टक्कर आहे. भरताच्या रससूत्रातून (रस कसा निर्माण होतो ते सांगणाऱ्या सूत्रातून) 'एकच प्याला' कसं समजणार? करुणरस आहे म्हटलं की विषय संपला.

----

संपत नाही पण अपुरा पडतो, मान्य. संघर्ष हा शब्द मात्र शाळेपासून आपल्या डोक्यात इतका बसलाय की "नाट्य म्हणजे संघर्ष" हे जणू भरतानेच लिहिलंय असं वाटतं. ॲरिस्टॉटलकडे गाठ बसणं आणि गाठ सुटणं आहे, संघर्ष अशी त्याची संज्ञा नाही. ती एकोणिसाव्या शतकाची देणगी.

'एकच प्याला'वरून आठवलं, आणखी एक शब्द तिथेच घोटाळा करतो. सुधाकर हुशार, मानी, तापट, कोर्टात मुन्सफाशी बिनसतं आणि सनद काही काळासाठी जाते, मग तळीराम पेला पुढे करतो. परीक्षेत आपण लिहितो की सुधाकराचा स्वभावदोष म्हणजे ॲरिस्टॉटल म्हणतो तो हॅमार्शिया. पण हॅमार्शिया म्हणजे नेम चुकणं, हातून घडलेली चूक. ईडिपस वाटेत एका म्हाताऱ्याला मारतो, तो आपला बाप आहे हे त्याला माहीत नसतं, ती ही चूक. तिचा स्वभावदोष केला तो पुढच्या टीकाकारांनी, शेक्सपिअरची माणसं समोर ठेवून. आणि सुधाकराच्या बाबतीत हा नवा अर्थच जास्त चपखल बसतो, कारण गडकरी शेक्सपिअर वाचून बसलेले. १९१९ च्या नाटकाला दोन हजार वर्षांपूर्वीची फूटपट्टी लावायचा हट्ट कशाला?

----

पेपरवाल्यांतर्फे एक शब्द. आमच्या हेडलाइनमधली शोकांतिका चूक आहे का मग? खाणीत पाणी शिरून माणसं गेली तर ती ट्रॅजेडी नाही, अपघात आहे, असं एका प्राध्यापकांनी आम्हाला सुनावलं होतं.

----

त्या प्राध्यापकांना टीकाकार रेमंड विल्यम्सचं १९६६ चं 'मॉडर्न ट्रॅजेडी' वाचायला द्या. त्याचा वाद याच गोष्टीवर आहे, की साध्या माणसांच्या मरणाला ट्रॅजेडी म्हणायचं नाही, राजाच्या मरणाला म्हणायचं, ही वाटणी कुणी केली आणि कुणाच्या सोयीसाठी. अमेरिकन नाटककार आर्थर मिलरने १९४९ मध्येच लिहिलं होतं की सामान्य माणूस ट्रॅजेडीला राजाइतकाच लायक आहे. तेव्हा खाणीला शोकांतिका म्हणा, खुशाल. पुलाला रस्ता नाही याला मात्र मी गलथानपणा म्हणेन, त्याला प्रहसनात टाका.

----

धन्यवाद सगळ्यांना, प्रिंट काढून ठेवतेय. पण सोमवारी पेपर आहे, मी नक्की काय लिहू?

----

शोकात्मिका लिहा. उदाहरणाला 'उत्तररामचरित' दिलंत तर कारण दोन ओळींत तरी द्या, नाहीतर तपासणारा शेवट गोड आहे म्हणून लाल रेघ मारेल.